मादालिसचा दिवस

बावीस मे. भिंतीवरच्या कॅलेंडरात या चौकोनात एकही नाव नाही, एक ओळ आहे : कॅलेंडरात नसलेल्या सगळ्या नावांचा दिवस.

*

१९५१च्या वसंतात किनाऱ्यावरचा दोन शेंड्यांचा पाइन तोडला. त्याच्या लाकडातून टेहळणीचा मनोरा उभा राहिला. आता मनोराही नाही. बुंधा आहे. उन्हाळ्यात शहरातली माणसं त्यावर बसून आइस्क्रीम खातात.

*

मैदा, लोणी, केशर, बेदाणे. पीठ फुगलं की लांब वळी करून आठच्या आकड्यासारखी वळवायची. किती माणसं येणार ते ठाऊक नसतं, म्हणून हा गोड पाव, क्लिंगेरिस, नेहमी थोडा मोठाच करतात.

*

चाळीस वर्षं, रोज संध्याकाळी, रशियन सैनिक पुळणीवरून कुळव फिरवून जात. सकाळी गुळगुळीत वाळूत पाऊल उमटलेलं दिसलं की ते कोणाचं हे शोधून काढायचं.

*

पंच्याण्णव वर्षांची एक बाई डाव्या हाताचे मोजे विणते. नुसते डाव्या हाताचे. दुसरा का नाही असं विचारलं तर म्हणते, "लोकरच तेवढी देतात."

*

"नावाचा अर्थ व मूळ (पाच ओळींपेक्षा जास्त नको)."

*

हा शेवटचा तुकडा एका फॉर्ममधला आहे. तो फॉर्म मादालिसच्या स्वयंपाकघरात, टेबलावर, साखरेच्या डब्याखाली सहा आठवडे पडून होता. कॅलेंडरात नवी नावं घेणाऱ्या रिगाच्या समितीकडे पोचायची शेवटची तारीख एकतीस मे. बाकीचे रकाने भरून झाले होते. नाव : मादालिस. जन्म : फेब्रुवारी १९४५. व्यवसाय : होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, निवृत्त. 'हे नाव कॅलेंडरात का असावं' या रकान्यात त्याने आधी 'मला दिवस नाही' असं लिहिलं होतं. मग ते हात पसरल्यासारखं वाटलं, म्हणून खोडून 'कारण हेही नावच आहे' असं लिहिलं. अर्थ आणि मूळ मात्र कोरं.

अर्थ त्याला माहीत नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षं तो हे नाव वागवत होता, जसा एखादा माणूस थोरल्या भावाचा कोट वागवतो : अंगाला बसतो, पण खिशात काय होतं ते विचारायची सोय नसते. शाळेत पोरं म्हणायची, "कॅलेंडरात नाहीस म्हणजे तू नाहीसच." आईला विचारलं की ती म्हणायची, "तुझ्या बापाकडचं आहे," आणि चुलीकडे वळायची. बाप, दिद्रिकिस, मादालिसच्या जन्माआधी चार महिने होडी घेऊन समुद्रापलीकडे गोटलांड बेटावर गेला होता, आणि त्याच्याबद्दल बोलण्याचे ते दिवस नव्हते. पुढे बोलण्याचे दिवस आले तेव्हा आई नव्हती.

वाढदिवस घरच्यांचा असतो. नावदिवस गावाचा. कॅलेंडरात ज्या चौकोनात आपलं नाव, त्या दिवशी आपलं दार उघडं. बोलावणं कोणाला जात नाही. बोलावलं तर तो नावदिवस कसला? ज्याला आठवण राहील तो फुलं घेऊन येतो. यजमानाने अशा थाटात दार उघडायचं की कोणी येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. सकाळपासून कॉफीचं भांडं चुलीवर असलं तरी.

मादालिसला दिवस नव्हता, पण बायकोला होता, आणि तो दोघांना पुरत होता. वेल्गाच्या नावदिवसाला दहा-बारा माणसं यायची, काही वर्षी पंधरा. तो कोपऱ्यात बसून खुर्च्या मोजायचा, शेजारून आणखी दोन आणायचा, बर्चच्या आंबवलेल्या रसाच्या बाटल्या उघडायचा. लोक जाताना त्याचाही हात हातात घेऊन हलवायचे. तीन वर्षांपूर्वी वेल्गा गेली. त्यानंतरच्या तिच्या नावदिवसाला दोन बायका सवयीने फाटकापर्यंत आल्या, हातात ग्लॅडिओलस. फाटकाशी त्यांच्या लक्षात आलं. त्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, मग वळून कबरस्तानाच्या रस्त्याला लागल्या. मादालिस खिडकीच्या पडद्यामागे उभा होता. त्याने कॉफी ठेवलेली होती.

तेव्हापासून बावीस मे हाच त्याचा दिवस. पहिल्या वर्षी त्याने किराण्याच्या गाडीवरून क्लिंगेरिस घेतला, मोठा. कोणी आलं नाही. नऊ दिवस तो तेच खात होता. शेवटी शेवटी कॉफीत बुडवल्याशिवाय दात लागेना. दुसऱ्या वर्षी लहान घेतला. तो पाच दिवस पुरला.

या वर्षी त्याने ठरवलं होतं की घ्यायचाच नाही.

*

किराण्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. हिवाळ्यात गावात अकरा माणसं असतात, मे महिन्यात सोळा-सतरा. गाडी चालवणारा ओयार्स पन्नाशीचा, जाडा, कायम कोणत्यातरी पथ्यावर.

"भरलास का फॉर्म?" विझ्माने विचारलं. ती मादालिसची शेजारीण, पूर्वी पोस्टात होती, आणि अजूनही सगळ्यांच्या पाकिटांचा हिशेब ठेवल्यासारखी बोलायची.

"एक रकाना राहिलाय."

"कुठला?"

"अर्थ आणि मूळ."

"एवढंच ना? लिही. अर्थ : हट्टी म्हातारा. मूळ : आईकडून."

"पाच ओळी लिहायच्यात."

"मग पाच वेळा लिही."

ओयार्स पावाचे कट्टे सरकवत म्हणाला, "मादालिसकाका, मी काय म्हणतो, ठोकून द्या काहीतरी. माझं नाव आजोबांच्या घोड्याचं होतं. चांगला घोडा होता म्हणे. तरी मी आहेच ना कॅलेंडरात?"

"घोडा होता ना पण," मादालिस म्हणाला. "मला घोडाही माहीत नाही."

त्याने प्रयत्न केले नव्हते असं नाही. विद्यापीठातल्या एका बाईंना पत्र लिहिलं होतं. त्यांचं सभ्य उत्तर आलं : या किनाऱ्यावर पूर्वी बोलल्या जाणाऱ्या लिव भाषेत असा एक शब्द आहे, त्याचा अर्थ उथळ पाणी, वाळूचा दांडा, पण हे पुरुषाचं नाव म्हणून कुठे नोंदलेलं आढळत नाही, आपल्या घरी काही आठवण असल्यास जरूर कळवावं. उथळ पाणी! विझ्माला हे सांगितलं तेव्हा ती दारात बसून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

"डार्ताला विचारलंस?" विझ्मा म्हणाली.

"कोण डार्ता?"

"कोण डार्ता! तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातावर धरलं ती डार्ता."

"ती जिवंत आहे?"

"बघ, म्हणजे याला माहीतच नाही. अरे, शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात आहे ती. सहा वर्षं."

ओयार्सने मान डोलावली. "सोमवारी मी तिथे सामान टाकतो. म्हातारी खिडकीतून हाक मारते, किनाऱ्यावर कोण कोण उरलंय रे, म्हणून. मी नावं सांगतो. तुमचं नाव आलं की म्हणते, तो येत का नाही?"

मादालिसने घेतलेली जामची बरणी पिशवीत ठेवली, पिशवी पुन्हा उघडली, बरणी आहे ना ते पाहिलं.

"सोमवारी मला नेशील?"

"पुढच्या सीटवर अंडी असतात. मांडीवर घ्यावी लागतील."

*

डार्ता खिडकीशी बसली होती. मांडीवर लोकर. बटाट्याच्या सालीसारखा पातळ झालेला चेहरा, पण डोळे शाबूत.

"आलास," ती म्हणाली. "किती म्हातारा झालास रे! बस. ती खुर्ची नको, ती एल्झाची आहे. एल्झा वारली, पण ती खुर्ची तिचीच आहे."

तो पलंगाच्या कडेला बसला. धुरी दिलेले लेप मासे आणले होते, कागदात गुंडाळलेले. तिने कागद उघडून नुसता वास घेतला आणि पुन्हा बंद केला.

"मावशी, माझं नाव कुठून आलं?"

"एवढ्यासाठी आलास?"

त्याला लाज वाटली. "हो," तो म्हणाला.

"बरं झालं, खरं बोललास. बाकीचे म्हणतात, भेटायला आलो." तिने सुया खाली ठेवल्या. "जागा आहे ती. समुद्रातली. तुझ्या बापाची."

आणि तिने सांगितलं. तिचं सांगणं सरळ नव्हतं. मध्येच कोणाची तरी गाय येई, कोणाचं लग्न येई. पण मादालिस आयुष्यभर बिघडलेली इंजिनं उघडत आला होता, कोणता तुकडा कुठे बसतो ते त्याला कळत होतं.

पूर्वी किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराची समुद्रात एक जागा असे. वाळूचा दांडा, वर मासे चरायला येतात अशी. कागदावर नाही, पाण्यावर काही खूण नाही. जागा सापडायची ती मागे जमिनीकडे बघून. एका बाजूला दोन वस्तू एकामागे एक आल्या पाहिजेत, दुसऱ्या बाजूला आणखी दोन. दोन्ही खुणा एका वेळी जुळल्या की जाळं टाकायचं. बाप या खुणा मुलाला सांगायचा, बाकी कोणाला नाही. सख्ख्या भावालाही नाही. दिद्रिकिसच्या जागेला म्हाताऱ्यांच्या भाषेत मादाल म्हणत.

"ऑक्टोबरात तो गेला तेव्हा होडी पळून जाणाऱ्या माणसांनी भरलेली," डार्ता म्हणाली. "लहान मुलं, गाठोडी. तुझी आई, पाउलीने, पोटुशी. ती म्हणाली, मी पुढच्या खेपेला येते. तो म्हणाला, आठवड्यात परत येतो. आणि तिच्या कानात त्याने खुणा सांगितल्या. मुलगा झाला तर त्याच्यासाठी."

"मग?"

"मग काय? आठवडा झाला. दुसरा झाला. तू झालास. तिला वाटायचं, विसरेन मी, विसरेन मी. आणि लिहायचं कसं? कोणाच्या घरात किनाऱ्याच्या खुणांचा कागद सापडला तर जर्मन गोळी घालायचे. नंतर रशियन आले, त्यांनीही घातली असती. तेव्हा तिने नाव तुला दिलं. निदान नाव तरी कुठे जायचं नाही, म्हणाली."

बाहेर ओयार्स दुधाचे कॅन उतरवत होता, त्याचा आवाज येत होता.

"पाद्री म्हणाला, अगं पाउलीने, हे काय ख्रिस्ती नाव आहे? ती म्हणाली, ही त्याच्या बापाची जमीन आहे. त्याने पाणी शिंपडलं. आमच्याकडे शेत कोणाचं होतं रे तेव्हा? समुद्र हीच जमीन."

"तिने मला कधी सांगितलं नाही."

"तू सहा वर्षांचा झालास आणि सैनिकांनी पाइन तोडला. खुणेतला पाइन. तुझी आई माझ्याकडे येऊन बसली, रडली नाही, नुसती बसली. म्हणाली, आता काय सांगू पोराला, सांगण्यासारखं काही राहिलं नाही."

मादालिसने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "दोन शेंड्यांचा?"

"दोन शेंड्यांचा. चर्चचं टोक त्या दोन शेंड्यांच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे. ही एक खूण."

"आणि दुसरी?"

डार्ताने सुया उचलल्या.

"दुसऱ्या खुणेत दीपगृह होतं. दीपगृह कशावर, ते नाही आठवत. कशावर तरी होतं, पोरा. मी खूप आठवलंय. रात्री पडल्या पडल्या तेवढंच आठवत असते."

निघताना तिने त्याला एक मोजा दिला. डाव्या हाताचा. "पुन्हा आलास तर उजवा देईन," ती म्हणाली. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

*

एका खुणेने जागा मिळत नाही, रेघ मिळते. चर्चच्या टोकापासून बुंध्यावरून समुद्रात जाणारी सरळ रेघ. तिच्यावर कुठेतरी.

रविवारी आयर्लंडहून मुलीचा फोन आला. इंता तिकडे अळंबीच्या कारखान्यात होती, बारा वर्षं.

"बाबा, बुधवारी बावीस तारीख. कोणाला तरी बोलवा ना घरी. विझ्माकाकूंना तरी."

"नावदिवसाला बोलावतात का कधी?"

"आता बोलावतात. इथे आम्ही मेसेज टाकतो."

"तिथे टाका."

"मग काय करणार आहात?"

"काम आहे," तो म्हणाला. खरं तर त्याने नुकतंच ठरवलं होतं. दोन बावीस मे त्याने दाराकडे बघत काढले होते; तिसरा तसा काढायचा नव्हता. कोणी येणार नाही हे जिथे आधीच नक्की आहे, अशा जागी जायचं. समुद्रात कोणी दार वाजवत नाही, त्यामुळे न वाजण्याचाही प्रश्न नाही.

*

बुधवारी सकाळी त्याने बुंध्यापाशी एक लांब काठी रोवली, तारांनी ताणून बांधली आणि तिच्या टोकाला पांढरी चादर ठोकली. मग होडी पाण्यात ढकलली. इंजिन त्याचंच, स्वतः जोडलेलं. पहिल्या हिसक्याला सुरू झालं. खोली मोजायला त्याने जुन्या इंजिनाचा एक पिस्टन दोरीला बांधून घेतला होता, आणि दोरीला दर वावावर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या अंतरावर, गाठी. दुर्बीण, राईचा पाव, कॉफीचा थर्मास.

किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर गेल्यावर त्याने मागे वळून बघितलं. चर्चचं टोक चादरीच्या उजवीकडे होतं. त्याने होडी जरा वळवली. टोक सरकत सरकत आलं आणि चादरीमागे लपलं. तो रेघेवर होता.

चार वाव.
पाच.
पाच.
सहा. वारा पश्चिमेकडून, हलका.
सात.
सात. पिस्टन चिखल घेऊन वर आला.
साडेसात. पाव खाल्ला.
आठ.
आठ. टोक डावीकडे सरकलं होतं. पुन्हा रेघेवर.
आठ.
आठ.
आठ.

इथे त्याला वाटलं, परत जावं. पाणी सगळीकडे सारखं करडं होतं. एक सील डोकं वर काढून त्याच्याकडे बघत राहिला, एखाद्या दुकानदारासारखा, आणि बुडाला.

सात.
साडेपाच.
तीन.

त्याने इंजिन बंद केलं. पुन्हा दोरी सोडली. तीन. पिस्टन वाळू घेऊन वर आला, स्वच्छ, पिवळसर, बारीक शिंपल्यांची चुरी असलेली. लाटा इथे वेगळ्या येत होत्या, आखूड, जरा उभ्या. पाण्याचा रंगही फिकट. आजूबाजूला आठ वाव काळोख आणि मध्ये ही एक वर आलेली जमीन, खळ्याएवढी, फार तर दोन खळ्यांएवढी.

त्याने नांगर टाकला. नांगर लगेच लागला.

मग त्याने दुर्बीण दीपगृहाकडे धरली. दीपगृह कशावर तरी असायला हवं होतं : एखाद्या घराच्या आढ्यावर, टेकाडावर, जाळ्यांच्या शेडवर. दीपगृहाच्या खाली काहीच नव्हतं. नुसती झाडांची सपाट रेघ. जे काही होतं ते पडलं असेल, नाहीतर जळलं असेल. नाहीतर ही जागा ती नसेल, आणि खरी या रेघेवर आणखी पुढे असेल, किंवा मागे, जिथे त्याने दोन वेळा दोरी टाकण्याच्या मध्ये पाणी तसंच ओलांडलं. हे सांगू शकेल असा माणूस जगात नव्हता. त्याने दुर्बीण खाली ठेवली.

"मादालिस," तो मोठ्याने म्हणाला. आपलंच नाव आपणच मोठ्याने कधी उच्चारत नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. वेल्गा उच्चारायची, घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तीन वर्षांत ते कोणी असं मोठ्याने घेतलं नव्हतं.

परत निघायला हवं होतं. कॉफी संपली होती. पण होडी त्या जागेवर अशी स्थिर डुलत होती, आणि किनारा इतक्या लांब होता, की तो बसून राहिला. दुपार झाली. दुपारची संध्याकाळ व्हायला लागली. मे महिन्यातली संध्याकाळ, जी दहा वाजेपर्यंत विझत नाही. ही बापाची जमीन असेल तर ती त्याला पहिल्यांदाच भेटत होती, आणि पहिल्या भेटीत माणूस जरा जास्तच बसतो.

*

घरी पोचला तेव्हा आठ वाजले होते. फाटक उघडं होतं. ते त्याने लावून घेतलं होतं.

पायऱ्यांवर त्याच्याच बादलीत लायलॅकच्या फांद्या होत्या, पांढऱ्या आणि जांभळ्या. बाकावर कागदात बांधलेला क्लिंगेरिस, मोठा, एका कडेने कापलेला. बाकासमोर गवत चुरगळलेलं. शेडमधून काढलेल्या त्याच्या दोन खुर्च्या, एक उलटं पिंप, त्यावर कॉफीचे कप. त्याने कप मोजले. सात. सगळे विझ्माच्या घरचे, निळ्या काठाचे. रस्त्यावर गाडीच्या चाकांचे ठसे, रुंद. बुधवारी इकडे किराण्याची गाडी येत नाही.

क्लिंगेरिसच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं : चारपासून साडेसहापर्यंत बसलो. दाराला कुलूप. – वि.

तो एका खुर्चीवर बसला. मग उठून दुसरीवर बसला. कोण कुठे बसलं असेल याचा अंदाज येईना. एका कपाच्या तळाशी साखर तशीच होती, म्हणजे तो पथ्यावरच्या ओयार्सचा नसणार. एका कपाला लिपस्टिक. गावात लिपस्टिक कोण लावतं? त्याला आठवेना, आणि ते विचारायला कोणाच्या दारात जाण्याची आज हिंमत नव्हती. कोणाच्या नावदिवसाला गेलं आणि दार बंद मिळालं, ही गोष्ट या किनाऱ्यावर माणसं वीस वर्षांनीही काढतात.

त्याने क्लिंगेरिसचा तुकडा तोडला. ताजा होता. केशर भरपूर होतं.

*

शुक्रवारी गाडीपाशी विझ्मा त्याच्याकडे पाठ करून उभी होती. त्याने धुतलेले कप टोपलीत घालून आणले होते.

"किती आहेत मोजून घे," तो म्हणाला.

"मला काय करायचंय मोजून?" तिने टोपली घेतली आणि मोजले. "आम्ही काय खुळे म्हणून बसलो होतो तिथे? नावदिवशी माणूस घरी नसतो? असं कोणी करतं?"

"मला काय माहीत तुम्ही येणार."

"माहीत नसतंच! माहीत नसतं म्हणून तर घरी बसायचं असतं!"

"दोन वर्षं बसलो होतो."

ओयार्स वजनकाट्यावर कांदे ठेवत होता, ते त्याने फार सावकाश ठेवायला सुरुवात केली.

"आधी सुचलं नाही कोणाला," विझ्मा म्हणाली. "वेल्गाच्या दिवशी सगळे यायचे, तुझं वेगळं काही आहे असं वाटलंच नाही कधी. ते फॉर्मचं कळलं तेव्हा वाटलं. मग मी पाच जणींना म्हटलं, ओयार्सला म्हटलं. तुला कसं सांगणार? यजमानाला सांगून जातात का?"

"नाही."

"मग!"

"पुढच्या वर्षी असेन."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," विझ्मा म्हणाली. तिने टोपली हातात अडकवली. "त्यातल्या झेल्माने नवीन बूट घातले होते. चिखलातून आली. ती काही पुन्हा यायची नाही, सांगून ठेवते."

ती गेली. ओयार्सने कांद्यांची पिशवी पुढे केली.

"होतात कुठे काका?"

"समुद्रावर."

"काय मिळालं?"

"तीन वाव," मादालिस म्हणाला. ओयार्सला काही कळलं नाही, पण त्याने मान हलवली.

त्या दुपारी त्याने साखरेचा डबा बाजूला केला. अर्थ आणि मूळ या रकान्यात लिहिलं :

'समुद्रातला वाळूचा दांडा. माझ्या वडिलांची मासे धरायची जागा. दोन खुणांनी सापडते, त्यातली एक मला माहीत आहे. चर्चचं टोक जुन्या पाइनच्या बुंध्यावर. दुसरी कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावी.'

पाच ओळी भरल्या. 'सुचवलेली तारीख' हा रकाना त्याने बराच वेळ बघितला. मग तिथे बावीस मे असंच लिहिलं. आता दुसऱ्या कुठल्या दिवशी कोणाला शोधत यावं लागायला नको.

पाकीट बंद करून तो पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेला. पेटी विझ्माच्या घरासमोर आहे. खिडकीत पडदा हलला. त्याने हात वर केला. पडदा पुन्हा सरळ झाला.

*

मादालिसचा बाप्तिस्मा अकरा मार्च १९४५ला झाला. रविवार होता, चर्चमध्ये पाद्री धरून चार माणसं होती, आणि समुद्र किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटर गोठलेला होता.